डावरीची घडी

“माझी तपासणी झाली म्हणे, फक्त मी तिथं नव्हते.”

हे वाक्य ती एका खिडकीपाशी उभी राहून म्हणाली आणि खिडकीच्या आतली मुलगी खुदकन हसली. मुलीचा दोष नाही. वाक्य हसू येण्यासारखंच होतं. पण हसू ओसरल्यावर त्यात जे उरतं ते समजायचं, तर ही बाई कोण हे आधी सांगायला हवं.

तिला सगळे डावरी म्हणत. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, शवागार आणि जनरेटर यांच्या मधे, पत्र्याचं एक लांबट छप्पर होतं. तिथं हॉस्पिटलचे कपडे धुतले जात. एका टोकाला घाण कपडे उतरत, दुसऱ्या टोकाने घड्या होऊन बाहेर पडत. डावरी या दुसऱ्या टोकाला असे. अठरा वर्षं ती त्याच टेबलापाशी उभी होती. टेबलाच्या कडेला तिच्या पोटाच्या उंचीवर लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथं बसायला स्टूल नव्हतं. घडी उभ्यानेच घालायची असते, असं सुपरवायझरचं म्हणणं. तो स्वतः बसून म्हणायचा.

डाव्या हाताची असल्यामुळे तिची घडी उलटी पडे. बाकीच्या बायकांच्या हातचा गाऊन उजवीकडे उघडे, हिचा डावीकडे. शिवाय पाठीवर बांधायचे बंद ती गुंडाळून बाहीच्या आत खोचून टाकी, म्हणजे लोंबत नाहीत. असं दुसरं कुणीच करत नसे. दहा हजार गाऊनांच्या ढिगातून तिने आपला गाऊन काढून दाखवला असता.

शेजारच्या टेबलावर इस्त्रीवाली मावशी होती. वय साठीच्या पुढे, कागदावर पंचावन्न. मावशीच्या तोंडाला कधी कुलूप नसे.

“अगं, सगळ्या जगाची दारं उजवीकडे उघडतात आणि तुझा गाऊन डावीकडे. पेशंट आत शिरायचा कसा?”

“शिरतो बरोबर. आजारी माणसाला उजवं-डावं सुचत नाही.”

“तेही खरंच.”

धुतल्यावरही कपड्यात काहीतरी राहतं. कुठला डाग निघतो, कुठला फिका होतो, कुठला राहूनच जातो, हे या बायकांना पाठ होतं. कुणाला काय झालंय हे डॉक्टरच्या आधी चादरीला कळतं, असं डावरी म्हणे. हे ती गमतीत म्हणत नसे. कारण थोरलीचं तिला चादरीनेच सांगितलं होतं.

थोरली म्हणजे तिची सख्खी बहीण. त्याच छपराखाली पहिल्या टोकाला, मशीनवर. एके दिवशी हॉस्पिटलच्या पांढऱ्या चादरींमधून घडीच्या टेबलावर एक निळ्या काठाची चादर आली. घरची. डावरीने ती उजेडात धरली. मधोमध फिकट तपकिरी नकाशा होता, अनेकदा धुतलेला. आठ महिने थोरलीला अंगावर जात होतं, आणि आठ महिने ती घरच्या चादरी हॉस्पिटलच्या ढिगात खाली दडवून धूत होती, कारण घरी इतकं पाणी नव्हतं, आणि सांगायला तोंड नव्हतं. पुढे डॉक्टरने तपासलं. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर. पसरलेला. तो म्हणाला, “आधी का नाही आलात?”

या प्रश्नाइतका स्वस्त प्रश्न जगात नसेल. तो विचारणाऱ्याला काही लागत नाही, हात धुता धुताही विचारता येतो. आधी म्हणजे केव्हा? जेव्हा दुखत नव्हतं तेव्हा? दुखत नसताना सुट्टी कुणी दिली असती? दुखायला लागल्यावर तरी कुणी दिली होती? थोरली त्रेचाळिसाव्या वर्षी गेली. तिचं मशीन दुसऱ्या दिवशी सात वाजता दुसऱ्या बाईने सुरू केलं.

त्यानंतर दोन वर्षांनी कार्ड आलं. डावरी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

दोन माणसं आणि एक बॅनर असं ते आलं. घड्यांच्या टेबलावरचे कपडे बाजूला सारून त्यांनी तिथं कार्डं मांडली. विमा. आजवर या बायकांच्या नावावर काही नव्हतं, घर नाही, गॅस नाही, आता आजारपण तरी नावावर झालं. मोठं दुखणं आलं तर कार्ड, आणि दुखणं येऊच नये म्हणून गर्भाशयाची तपासणी, तीसुद्धा फुकट, तीन वर्षांतून एकदा. प्रत्येकीला कार्डाबरोबर पाण्याची एक बाटली मिळाली. बॅनरवर एक हसरी बाई होती आणि लिहिलं होतं: भगिनींनो, पुढे या.

मग सह्या. छत्तीस बायकांची रांग लागली. कागदावर तीन रकाने होते: कार्ड मिळाले, माहिती मिळाली, तपासणी मिळाली.

डावरीला वाचता येत होतं. तिने तिसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. “ही कुठं मिळाली?”

“मिळेल की ताई. कार्ड हातात आलं म्हणजे मिळाल्यातच जमा.”

तिने सही केली. ती मूर्ख होती म्हणून नव्हे. त्या छपराखाली सही आधी आणि वस्तू मग, अशीच रीत होती. हातमोज्यांच्या दोन जोडांसाठी दर महिन्याला सही होई, हातमोजे वर्षातून एकदा येत. गमबूट मिळाल्याची सही तर तीन वर्षांपूर्वीच झाली होती. सही नाही केली तर वस्तू कधीच येत नाही, एवढं त्या शिकल्या होत्या. म्हणून छत्तीस जणींनी तीन-तीन सह्या केल्या, बाटल्या घेतल्या आणि पुन्हा टेबलं भरली.

मावशीने कार्ड पोलक्यात ठेवलं. “मी नाही बाई हे वापरणार. एवढंसं खुपलं म्हणून काढलं आणि मोठं दुखणं आल्यावर संपलं तर?”

“संपत नाही गं ते. साबण आहे का?”

“सगळं संपतं. मी बघितलंय.”

शहराच्या त्याच भागात या कार्डवाल्या बायकांसाठी एक तपासणी केंद्र उघडलं आणि केंद्राचे कपडेही याच छपराखाली येऊ लागले. दर शुक्रवारी चाळीस गाऊन जात, चाळीस येत. आकाशी रंगाचे, नवे. मोजणीसाठी ते गठ्ठे धुण्याआधीही डावरीच्याच टेबलावर पडत.

तिसऱ्या शुक्रवारी तिच्या हाताला काहीतरी जाणवलं. धुवायच्या गठ्ठ्यातले गाऊन वापरलेल्या कपड्यासारखे चुरगळलेले नव्हते. ते डावीकडे उघडत होते. बंद बाहीत खोचलेले होते. घडी मोडलीच नव्हती.

“मावशी, हे बघ. जसे पाठवले तसे परत.”

“तुझी घडीच इतकी देखणी. मोडवत नसेल बायकांना.”

त्या आठवड्यात तिने एका गाऊनच्या बाहीत, बंदांच्या गुंडाळीत, काडेपेटीतली एक काडी ठेवली. शुक्रवारी काडी परत आली. तो एक गाऊन तिने मशीनमध्ये टाकला नाही, तसाच पुन्हा पाठवला. काडी पुन्हा आली. मग दर आठवड्याला ती तो गाऊन तसाच, गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवून पाठवू लागली. बाकीचे गाऊन मात्र धुतले जात होते, वाळत होते, पुन्हा तिच्या हातून दुमडले जात होते. एखाद-दुसरा सोडता कुणाच्याही अंगाला न लागलेले कपडे चाळीस बायकांच्या वापराचे म्हणून दर आठवड्याला स्वच्छ होत होते.

तिने याचा अर्थ सरळ लावला: बायका जात नाहीत. आणि ती चिडली. बायकांवरच चिडली.

“फुकट आहे, जवळ आहे, तरी पाय निघत नाही कुणाचा!” ती जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकवी. “माझी थोरली गेली ती बघितलीत ना सगळ्यांनी? का तिला विसरलात?”

“तू गेलीस का?” मावशीने विचारलं.

डावरीने भाकरीचा तुकडा पुन्हा डब्यात ठेवला.

“नाही ना? मग जा आणि ये. तू आलीस की मी जाते. माझं कार्डही हवा खाईल जरा.”

अशी ती निघाली. काहीही दुखत नसताना डॉक्टरकडे निघालेली बाई. घरात हे समजावताना तिची दमछाक झाली. नवरा म्हणाला, “काही होत नाही ना? मग कशाला?” तिने सांगितलं, “होऊ नये म्हणून.” त्यावर तो म्हणाला, “म्हणजे होतंय काहीतरी. तू लपवतेस.”

केंद्रात जायला आधी डॉक्टरची चिठ्ठी हवी होती. डॉक्टर कुणीही चालत नाही, कार्डावर ज्याचं नाव तोच. कार्डावरचा डॉक्टर दोन बस बदलून जाण्याइतका लांब होता. ती पोचली, दीड तास बसली, नंबर आला. भिंतीवर सांगाड्याची चित्रं होती. डॉक्टरने न विचारता तिचा गुडघा दाबला.

“दुखतो?”

“नाही.”

“हा?”

“तोही नाही.”

“मग काय दुखतं?”

“काहीच नाही. मला खालची तपासणी करायची आहे. पिशवीची.”

डॉक्टरने हात मागे घेतला. “बाई, मी हाडांचा डॉक्टर आहे.”

“कार्डावर तुमचंच नाव आहे.”

त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “या महिन्यात तुम्ही अकराव्या. काल एक सात महिन्यांची गरोदर बाई आली होती. मी तीनदा लिहून कळवलंय त्यांना.” नाव बदलायचं तर कार्डामागच्या नंबरवर फोन करायचा. तिने त्याच्यासमोरच केला. फोनमध्ये वाद्यं वाजत राहिली, अधूनमधून एक गोड बाई सांगे की तुमचं आरोग्य आमच्यासाठी मोलाचं आहे. वीस मिनिटांनी कळलं की बदल पुढच्या महिन्यापासून लागू होईल. पुढच्या महिन्यात कार्डच राहणार नव्हतं. लॉन्ड्रीचं कंत्राट दुसऱ्याकडे जात होतं आणि महिनाअखेर ही कार्डं बंद होणार होती. नवा मालक विमा देणार का, हे विचारायची हिंमत कुणी केली नव्हती.

हाडांच्या डॉक्टरने शेवटी स्वतःच्या कागदावर लिहून दिलं: गर्भाशयमुखाची तपासणी करावी. वर छापील हाडाचं चित्र होतं. “हे चालतंय का बघा,” तो म्हणाला. त्या सगळ्या प्रकरणात काहीतरी करून देणारा तो पहिला माणूस, आणि ते त्याचं काम नव्हतं.

केंद्र मंगळवारी आणि गुरुवारी, दहा ते एक. डावरीची पाळी सात ते तीन. ज्या बायकांसाठी केंद्र उघडलं त्या सगळ्या जणी त्या वेळात कुठे असतात, हे ठरवणाऱ्याला माहीत नव्हतं असं म्हणवत नाही. ज्याला कुणी येऊ नये असं वाटतं, तो दार बंद ठेवत नाही, वेळ ठेवतो. महिन्यातल्या शेवटच्या मंगळवारी मावशीने तिचं टेबल सांभाळायचं कबूल केलं. सुपरवायझर म्हणाला, “आजारी आहेस का? नाहीस? मग रजा कसली?” ती म्हणाली, “बिनपगारी.” त्याने रजेचं रजिस्टर पुढे केलं.

सकाळी तिने डोक्यावरून आंघोळ केली, धुतलेली साडी नेसली. मावशीने फाटकापर्यंत येऊन सांगितलं, “डोळे मिटून घे आणि दुसरं काहीतरी आठव. सुपरवायझरचं टक्कल आठव.”

केंद्र छान होतं. फरशी चकचकीत, खुर्च्या रिकाम्या. भिंतीवर तीच हसरी बाई, पुढे या. शेजारी फळा: आजवर तपासलेल्या महिला, तीनशे बारा. डावरीने तो आकडा वाचला आणि तिला जरा बरं वाटलं. म्हणजे येतात बायका. मग तिला गाऊन आठवले आणि तो आकडा तिने पुन्हा वाचला.

खिडकीतल्या मुलीने कार्ड घेतलं, हाडाचं चित्र असलेली चिठ्ठीही घेतली. कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि थांबली.

“ताई, तुमची झालीय.”

“काय झालीय?”

“तपासणी. चार महिन्यांपूर्वी. रिपोर्ट नॉर्मल आहे. काळजीचं काही नाही.” ती आनंदाची बातमी दिल्यासारखं बोलली. “आता तीन वर्षांनी.”

तेव्हा डावरीने ते वाक्य म्हटलं आणि मुलगी हसली.

“पण सही आहे तुमची.” मुलीने पडदा तिच्याकडे वळवला. छत्तीस नावं, छत्तीस सह्या. मावशीचा अंगठासुद्धा होता. मावशीही नॉर्मल होती. घड्यांच्या टेबलावर चार महिन्यांपूर्वी झालेल्या त्या सहीची शाईसुद्धा डावरीला आठवली. पेन गळत होतं.

मुलीने यादी खाली सरकवली: आणखी पाच-सहा लॉन्ड्र्या, एक पॅकिंगचा कारखाना, रस्ता झाडणाऱ्या बायका. प्रत्येकीला एक बाटली. तीनशे बारा बाटल्या.

आवाज ऐकून आतून सिस्टर आली. पंचेचाळिशीची, थकलेल्या डोळ्यांची. काय झालं ते तिने विचारलं आणि डावरीने सांगितलं. थोरलीचंही सांगितलं. निळ्या काठाच्या चादरीचंही.

“मी घेतली असती हो,” सिस्टर म्हणाली. “पाच मिनिटांचं काम आहे. पण नमुना घेतलेल्या काचपट्टीवर लेबल लागतं, आणि झालेल्या तपासणीचं लेबल हे मशीन दुसऱ्यांदा काढत नाही. बिनलेबलाची काचपट्टी तिकडे लॅबमध्ये कुणी उघडून बघत नाही. फेकतात.”

“तुम्ही किती बायका तपासल्यात इथं?”

सिस्टरने फळ्याकडे पाहिलं नाही. “नऊ,” ती म्हणाली.

मग केंद्रप्रमुख आले. अत्यंत सभ्य माणूस. त्यांनी डावरीला आत बसवलं, पंखा लावला. खुर्ची तिच्यासाठी ओढली, जे अठरा वर्षांत कुणी केलं नव्हतं.

“ताई, तुमचा संताप मला पूर्ण समजतो. पण बघा, बायका येतच नाहीत. आम्ही किती हाका मारतो. वरून आकडा मागतात. आकडा दिला नाही तर केंद्रच बंद होईल. मग कुणाचं नुकसान? तुमचंच ना?”

“बायका येत नाहीत ते तुम्हाला कसं कळलं? त्या तर सगळ्या येऊन गेल्यात.”

ते हसले. राग न येण्याचं शिक्षण झालेलं हसू. “तुम्ही हुशार आहात. आपण असं करू, तुमची आज करून टाकू. सिस्टर मोकळ्याच आहेत. मशीनला कारण लागतं, एवढंच. यावर सही करा.” त्यांनी कागद पुढे केला. त्यावर छापलं होतं: माझी पहिली तपासणी या केंद्रात व्यवस्थित झाली असून, स्वतःच्या विनंतीवरून मी फेरतपासणी करून घेत आहे.

“आणि बाकीच्या पस्तीस?”

“कोण पस्तीस?”

“माझ्याबरोबरच्या. त्यांची पण फेरतपासणी करणार?”

“त्यांनी मागितली का? मग तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता? तुमचं काम होतंय ना?”

सिस्टर दारात उभी होती. तिने डावरीच्या खांद्याला हात लावला. “सही करून टाका, बाई,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी लगेच घेते. बहिणीचं सांगितलंत ना मला. आज तीस तारीख आहे.”

तिचं म्हणणं खरं होतं. तिथल्या माणसांपैकी तेवढी एकच खरं बोलत होती, म्हणून ते जास्त लागलं. पडद्यापलीकडे टेबल दिसत होतं, त्यावर पांढरा कागद अंथरलेला, दिवा लावलेला. पाच मिनिटं. थोरलीला ही पाच मिनिटं मिळाली असती तर ती आज मशीनवर उभी असती. आणि सही केली तर त्याच यादीतल्या मावशीचीही तपासणी झाली होती हे डावरीच्या सहीने खरं ठरणार होतं. मावशी विचारणार, कशी झाली गं? मग पुढेमागे नवं कार्ड मिळालं की मावशी ते काढून इथं येणार, आणि तिला सांगणार, तुमची झालीय.

डावरीने पेन उचललं. डाव्या हातात धरलं. केंद्रप्रमुखांनी कागद तिच्या सोयीसाठी जरा तिरका करून दिला.

तिची नजर त्यांच्या मागच्या कपाटावर गेली. काचेच्या दारामागे आकाशी गाऊनांचे चार गठ्ठे होते, दहा-दहाचे. सगळे डावीकडे उघडणारे. तिने पेन खाली ठेवलं, उठली, कपाटाचं दार सरकवलं आणि वरचा गाऊन घेऊन त्याच्या बाहीत दोन बोटं घातली. गुंडाळलेल्या बंदांमधून तिने तीच काडी बाहेर काढली, कुणी गाऊन घातला असता तर केव्हाच पडली असती ती. ती काडी तिने टेबलावरच्या कागदावर ठेवली, जिथं सही करायची होती तिथं, नीट आडवी.

“हे काय?” केंद्रप्रमुख म्हणाले.

गाऊन पुन्हा वर ठेवून तिने चारही गठ्ठे एकावर एक रचले, हनुवटीखाली धरले, जसे अठरा वर्षं धरत आली होती. सिस्टर वाटेतून बाजूला झाली. खिडकीतली मुलगी उभी राहिली, या वेळी ती हसली नाही. मागून केंद्रप्रमुखांनी हाक मारली, एकदा सभ्यपणे, आणि मग तशी नव्हे. दारावरच्या वॉचमनला त्यात काही वेगळं दिसलं नाही. कपडे नेणारी बाई कपडे नेत होती. त्याने नेहमीसारखं दार उघडून धरलं, आणि चाळीस न मोडलेल्या घड्या छातीशी धरून डावरी छपराखालच्या पस्तीस जणींना दाखवायला बाहेर पडली.